पडद्यावरचे खटले

मुंबईतल्या खऱ्या खुनावर चित्रपट काढण्याची रीत मूकपटांच्या काळापासूनची आहे. १२ जानेवारी १९२५ रोजी संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने अडवली. इंदूर दरबारातून पळून आलेल्या आणि आता बावलांसोबत असलेल्या नर्तकी मुमताज बेगम यांना पळवून नेण्याचा तो डाव होता. झटापटीत बावलांना गोळ्या लागल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले. गोल्फ खेळून परतणाऱ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांची मोटार नेमकी तेव्हाच तिथे पोहोचली. ते हल्लेखोरांवर तुटून पडले, म्हणून मुमताज वाचली आणि आरोपीही हाती लागले. तपासाचा माग इंदूर दरबारापर्यंत गेला. मुंबई उच्च न्यायालयात तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर तिसरे यांना गादी सोडावी लागली.

खटल्याची चर्चा अजून घराघरांत चालू होती, त्याच १९२५ सालात कोहिनूर फिल्म कंपनीने ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. दिग्दर्शक होते होमी मास्टर. घटनेला कल्पित कथेचा वेश चढवला होता, पण पडद्यावरचा राजा कोण आणि पळून आलेली नर्तकी कोण हे मुंबईच्या प्रेक्षकाला कोणी सांगायची गरज नव्हती. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार १९२० पासून मुंबईत चित्रपट तपासणारे मंडळ काम करत होते आणि त्याचे प्रमुखपद पोलीस आयुक्तांकडे असे. म्हणजे ज्या खात्याने बावला खुनाचा तपास केला, त्याच खात्याच्या प्रमुखाकडे असे चित्रपट तपासण्याचे काम होते. त्या काळच्या तपासणीचा भर सरकारची बूज, संस्थानिकांची अब्रू आणि सार्वजनिक शांतता यांवर होता. मुमताजच्या चेहऱ्यावरचे व्रण अजून ताजे असताना तिची कहाणी तिकीट लावून दाखवली जात होती. याबद्दल तिला काय वाटले असेल, हे विचारण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

खऱ्या गुन्ह्यावरच्या चित्रपटाचा प्रेक्षक इतर प्रेक्षकांपेक्षा वेगळा असतो. चित्रपटगृहात शिरण्याआधीच त्याच्या मनात एक निकाल तयार असतो. वर्तमानपत्रे, शेजारपाजार, कचेरीतल्या गप्पा यांतून त्याने खटला आधीच ऐकलेला असतो. पडद्यावरची भीषणता त्याला किती अस्वस्थ करते, हे रक्त किती दाखवले यापेक्षा घटना काळाने आणि जागेने त्याच्यापासून किती दूर आहे, आणि मेलेल्या माणसाला तो आपल्यातला मानतो की नाही, यावर अधिक ठरते. महाराष्ट्रातल्या अशा चित्रपटांचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास हेच पुन:पुन्हा दाखवतो.

नानावटी खटल्यात तर प्रेक्षक चित्रपटाच्या आधीच जमला होता. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचे ज्याच्याशी संबंध होते त्या प्रेम आहुजा यांना त्यांच्या मुंबईतल्या घरी गोळ्या घातल्या आणि स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जाऊ लागला. रस्त्यावरचे फेरीवाले आहुजाच्या नावाचे टॉवेल आणि नानावटीच्या नावाची खेळण्यातली पिस्तुले विकत. टॉवेलाला कारणही तसेच होते. आहुजा नुकतेच अंघोळ करून आले होते. खरोखर झटापट झाली असती तर कमरेचा टॉवेल सुटला असता, तो जागचा हलला नाही, असा सरकारपक्षाचा मुद्दा होता. एका माणसाच्या मृत्यूच्या वेळचा पुरावा फुटपाथवर विकायला आला, ही या खटल्यातली सर्वांत उदास करणारी गोष्ट म्हणावी लागेल.

ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल विवेकाला न पटणारा मानून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने १९६० च्या मार्चमध्ये जन्मठेप दिली, नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. शिक्षा आणि माफी यांच्या मधल्या काळात, १९६३ साली, आर. के. नय्यर यांचा ‘ये रास्ते हैं प्यार के’ आला. सुनील दत्त, लीला नायडू आणि रेहमान यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. कथा काल्पनिक असल्याचा खुलासा निर्मात्यांनी जोडला होता. चित्रपट चालला नाही. लोकांच्या लक्षात राहिली ती रवी यांची गाणी. दोन वर्षे रोज ज्याचे वर्णन वाचले, त्याची सौम्य आणि नावे झाकलेली आवृत्ती पाहण्यात शहराला रस उरला नसावा. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’ याच खटल्यावर बेतलेले होते. १९७३ मध्ये गुलजार यांनी ‘अचानक’मध्ये हीच बीजकथा घेऊन तिचा रोख पालटला. गाणे नसलेल्या या चित्रपटात फाशीची शिक्षा झालेल्या सैनिकाला डॉक्टर जिवापाड मेहनत घेऊन वाचवतात, ते त्याला फासावर चढवता यावे म्हणून. आता प्रश्न नवऱ्याच्या अब्रूचा राहिला नव्हता, तर माणसाचा जीव घेण्याच्या राज्याच्या अधिकाराचा झाला होता. २०१६ मध्ये ‘रुस्तम’ आला तेव्हा घटनेला सत्तावन्न वर्षे झाली होती. त्यात नौदलातल्या भ्रष्टाचाराचे उपकथानक जोडून नायकाला देशभक्त केले गेले. तो मोठ्या प्रमाणावर चालला आणि अक्षय कुमार यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६३ चा प्रेक्षक पडद्यावरची कथा आपल्या आठवणीशी ताडून पाहत होता. २०१६ च्या बहुतेक प्रेक्षकांसाठी चित्रपट हीच पहिली आठवण होती. आहुजांची बाजू मात्र दोन्ही वेळा दुबळीच राहिली.

१९६३ मध्येच मार्क रॉबसन यांचा ‘नाइन अवर्स टु रामा’ हा इंग्रजी चित्रपट गांधीहत्येवर आला. स्टॅनली वोलपर्ट यांच्या कादंबरीवर तो आधारित होता, चित्रणाचा मोठा भाग भारतात झाला होता, आणि भारतात कादंबरी व चित्रपट दोन्हींवर बंदी आली. मारेकऱ्याच्या मनात शिरून गोष्ट सांगायची, तर पाहणाऱ्याची सहानुभूती कुठे वळेल ही सरकारची धास्ती होती. ती अगदी निराधार नव्हती. गांधीहत्येच्या अपिलाची सुनावणी करणाऱ्या न्यायमूर्तींपैकी एक असलेल्या गो. द. खोसला यांनी नंतर लिहून ठेवले आहे की, मारेकरी नथुराम गोडसेचे न्यायालयातले भाषण ऐकून श्रोते इतके हेलावले होते की त्यांच्यावर निकाल सोपवला असता तर बहुमताने सुटका झाली असती. प्रत्यक्ष न्यायालयातला श्रोता जर असा वाहून जात असेल, तर अंधारात बसलेल्या प्रेक्षकाबद्दल काय समजावे, हा प्रश्न याच खोसलांपुढे दुसऱ्या रूपात आला. १९६८ मध्ये नेमलेल्या चित्रपट परिनिरीक्षणविषयक चौकशी समितीचे ते अध्यक्ष होते आणि त्या समितीने कात्री सैल करण्याच्या बाजूने कौल दिला.

कायद्याने मात्र प्रेक्षकाला हळवेच धरले. ‘ब्लिट्झ’चे शेवटचे पान वर्षानुवर्षे लिहिणारे आणि ‘अचानक’ची कथा ज्यांची, ते ख्वाजा अहमद अब्बास आपल्या ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ या माहितीपटातल्या मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० च्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेला धरून असल्याचे सांगितले. चित्रपट इतर कोणत्याही कलेपेक्षा मनाला खोलवर हलवतो, हे त्यामागचे कारण होते. त्याच निकालाने हेही म्हटले की निव्वळ विषय भीषण आहे म्हणून चित्रपट कापता येत नाही; तो कसा मांडला आहे हे पाहायला हवे. पुढच्या प्रत्येक वादात दोन्ही पक्षांनी याच निकालाचा आधार घेतला.

१९७० ते १९७२ या काळात मराठी प्रेक्षकाची हिंसेशी गाठ आधी रंगभूमीवर पडली. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’मध्ये गर्भपात झालेल्या स्त्रीच्या साडीवरचा लाल डाग तपासणी मंडळाला खटकला. डाग लाल दिसणार नाही अशी तजवीज करण्याची अट आली, तेव्हा डॉ. श्रीराम लागू यांच्या मंडळींनी प्रयोगाआधी जाहीर करायला सुरुवात केली की, प्रेक्षकांनी हा डाग निळा समजावा. पाठोपाठ आलेल्या ‘सखाराम बाइंडर’चा वाद उच्च न्यायालयात गेला. ही दोन्ही नाटके खऱ्या खटल्यांवरची नाहीत. पण घरातल्या क्रौर्याकडे डोळे उघडे ठेवून बघायचे की नाही, या प्रश्नावर मराठी मध्यमवर्ग तेव्हाच दुभंगला होता.

त्याच सुमारास परभणी जिल्ह्यातल्या मानवतला एकामागून एक स्त्रिया आणि लहान मुली मारल्या जात होत्या. गुप्तधनाच्या आणि संततीच्या लोभाने दिलेले ते बळी होते. तपास मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी केला. या घटनांवर तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि १९८१ मध्ये अमोल पालेकर यांनी ‘आक्रीत’ हा दिग्दर्शक म्हणून आपला पहिला चित्रपट केला. मुख्य भूमिकांमध्ये स्वतः पालेकर आणि चित्रा पालेकर होते. ‘रजनीगंधा’ आणि ‘गोलमाल’मुळे पालेकरांचा चेहरा साध्यासुध्या, भल्या नोकरदाराचा म्हणून घरोघरी ओळखीचा झालेला होता. तोच चेहरा गावातल्या धनदांडग्याला लागला की पाहणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, हे पालेकरांनी ओळखले होते. चित्रपट खून दाखवण्यापेक्षा खुनाला मूक संमती देणारे गाव दाखवतो: पैशाला दबलेली, देवऋषाला भिणारी, उपऱ्या जमातींकडे तुच्छतेने पाहणारी वस्ती. फ्रान्समधल्या नांत येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला, पण महाराष्ट्रात तो मोजक्या प्रेक्षकांचाच चित्रपट राहिला. मुंबई-पुण्याच्या जाणकारांना मानवत दूरचे होते, आणि मराठवाड्याच्या प्रेक्षकाला त्यात आपल्याच गावावरचे आरोपपत्र दिसण्याचा संभव होता.

पुण्याच्या बाबतीत हे अंतर उरलेच नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या सव्वा वर्षात टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या एका टोळक्याने दहा माणसे मारली. पहिला बळी त्यांचाच वर्गमित्र होता. ऑक्टोबरच्या अखेरीला विजयानगर कॉलनीतले जोशी कुटुंब, एक डिसेंबरच्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात अभ्यंकर कुटुंबातले चौघे आणि घरकामाच्या बाई, असे बळी जात राहिले. कुटुंबप्रमुख काशिनाथशास्त्री अभ्यंकर संस्कृत व्याकरणाच्या कोशाचे कर्ते होते आणि त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी होते. नायलॉनच्या दोरीने गळा आवळायचा, तोंडात बोळा कोंबायचा, दागिने घ्यायचे आणि कुत्र्याला माग लागू नये म्हणून घरात अत्तर शिंपडायचे, ही त्यांची पद्धत होती. आणीबाणीचे दिवस होते. वर्तमानपत्रांवर बंधने होती आणि अफवांना मोकळे रान मिळाले होते. सदाशिव पेठेपासून डेक्कनपर्यंत दिवेलागणीलाच दारे लागू लागली, रात्रीचे रस्ते ओस पडले. मार्च १९७७ मध्ये शेवटच्या बळीचे प्रेत बंडगार्डनजवळ नदीत सापडले आणि महिनाअखेरीला टोळी पकडली गेली. एकजण माफीचा साक्षीदार झाला. राजेंद्र जक्कल आणि त्याच्या तीन साथीदारांना सप्टेंबर १९७८ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अमलात आली. त्यांच्यापैकी मुनव्वर शहा याने तुरुंगात आत्मकथन लिहिले होते.

फाशीनंतर तीन वर्षांच्या आत, १९८६ मध्ये, राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ प्रदर्शित झाला. राजदत्तांकडून प्रेक्षकाला कौटुंबिक, सुसंस्कृत मराठी चित्रपटांची सवय होती, त्यामुळे हा धक्का दुहेरी होता. टोळीच्या म्होरक्याच्या भूमिकेत नाना पाटेकर होते. त्याच वर्षी आलेल्या ‘अंकुश’मुळे त्यांचा संताप तरुणांना आपला वाटू लागला होता, इथे त्याच डोळ्यांत संतापही नव्हता, नुसता थंडपणा होता. या चित्रपटात दरोडेखोर दार फोडून येत नाहीत. ओळखीची, शिकलेली पोरे घंटी वाजवतात आणि घरातले माणूस विश्वासाने दार उघडते. प्रेक्षकाला छळणारी गोष्ट ती होती. बंगला कुठला, कॉलेज कुठले हे ठाऊक असलेल्या पुणेकराला चित्रपट संपल्यावर त्याच रस्त्यांनी घरी जायचे होते. चित्रपट पुढे दूरचित्रवाणीवर आणि नंतर मोबाइलवर पोहोचला आणि आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेक मराठी माणसांसाठी भीतीचे नाव बनून राहिला. त्यात दिसणाऱ्या घरांमधल्या वाचलेल्या नातलगांचे दुःख तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. मराठी समीक्षेने अभिनयावर लिहिले, दिग्दर्शनावर लिहिले. या माणसांचा विचार तिने फारसा केला नाही, आणि ही उणीव आजही बोचते.

याच खटल्यापासून प्रेरणा घेतलेला अनुराग कश्यप यांचा ‘पांच’ २००३ च्या सुमारास तयार झाला. कथा मुंबईतल्या एका संगीत बँडभोवती रचलेली होती. एकही पात्र भले नाही, हिंसा आणि व्यसन अतोनात आहे, गुन्ह्याची पद्धत दाखवली आहे, असे आक्षेप परिनिरीक्षण मंडळाने घेतले. काटछाटीनंतर प्रमाणपत्राचा मार्ग निघाला, पण चित्रपट चित्रपटगृहांत लागला नाही.

रमन राघवच्या बाबतीत शहराची आठवण वेगळ्या जातीची आहे. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत रात्री झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेली माणसे जड वस्तूने डोके फोडून मारली जाऊ लागली. उकाड्यातही लोक दारे लावून झोपत, तरुण काठ्या घेऊन गस्त घालत. ऑगस्टमध्ये तो पकडला गेला तेव्हा तपास याच रमाकांत कुलकर्णींकडे होता. त्याने चाळीसहून अधिक खून कबूल केले. फाशीची शिक्षा झाली. मनोविकार बरा न होणारा असल्याने १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि १९९५ मध्ये तो पुण्यात ससून रुग्णालयात मेला. मारले गेलेले बहुतेक बेघर, मजूर, फाटकी माणसे होती. त्यांच्या नावाने खटला ओळखला गेला नाही, मारेकऱ्याचे नाव तेवढे पोरांना दटावण्यासाठी उरले. श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये रघुवीर यादव यांना घेऊन त्याच्यावर व्हिडिओवर छोटा चित्रपट केला, तेव्हा तो माणूस तुरुंगात जिवंत होता. चित्रपट प्रदर्शित झाला नाही. टेपांवरून, हातोहात, सिनेमाच्या वेडाने झपाटलेल्यांमध्ये फिरला. २०१६ चा ‘रमन राघव २.०’ तर सुरुवातीलाच सांगतो की, ही त्या माणसाची गोष्ट नव्हे. नाव घ्यायचे आणि घटना सोडायची, इतके अंतर तोवर पडले होते.

न्यायालयाने प्रेक्षकाला खरोखर थांबवले ते ‘ब्लॅक फ्रायडे’च्या वेळी. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या साखळी स्फोटांत २५७ माणसे गेली. हुसेन झैदी यांच्या पुस्तकावरचा हा चित्रपट खरी नावे घेऊन बोलत होता, आणि टाडा न्यायालयातला खटला अजून संपला नव्हता. जानेवारी २००५ मध्ये प्रदर्शन ठरले असताना आरोपींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. निकाल लागेपर्यंत चित्रपट दाखवू नये, असे न्यायालयाने सांगितले. लोकार्नोच्या महोत्सवात २००४ मध्येच दाखवला गेलेला चित्रपट मुंबईकरांना ९ फेब्रुवारी २००७ रोजी पाहायला मिळाला. हा आदेश आरोपींच्या हक्काचा होता आणि तो योग्यच होता. ज्याच्यावर खटला चालू आहे त्याला पडद्याने आधीच दोषी ठरवू नये. मात्र गुन्ह्यात आपले माणूस गमावलेल्याला अशी दाद मागण्याची वाट अरुंद आहे. १९९४ च्या राजगोपाल निकालाने, तमिळनाडूतल्या ऑटो शंकर या खुन्याच्या आत्मचरित्राच्या प्रकरणात, न्यायालयीन दप्तरात आलेली माहिती कोणाच्याही परवानगीशिवाय वापरता येते असे ठरवले. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख हा अपवाद. मृताची बदनामी झाली आणि ती नातलगांना दुखावणारी असेल तर गुन्हा होतो. पण बदनामी नसलेले, अगदी खरे चित्रण नातलगांना असह्य झाले, तर कायद्यात त्यावर फारसा उपाय नाही.

‘शूटआउट ॲट लोखंडवाला’ आणि ‘शूटआउट ॲट वडाला’ या २००७ व २०१३ च्या चित्रपटांनी चकमकीत मेलेल्या गुंडांचे नायक केले. ‘वडाला’तल्या मन्या सुर्वे या गुंडाच्या वाट्याला आलेली ही प्रतिष्ठा पाहिली की कळते, मेलेला माणूस गुंड असला तर प्रेक्षक अस्वस्थ होत नाही, रमतो.

गेल्या काही वर्षांत हे चित्रपट घरातल्या पडद्यावर आले. कोल्हापूर, नाशिक, पुणे भागातून मुले पळवून त्यांचा चोऱ्यांसाठी वापर करणाऱ्या आणि मग त्यांना मारणाऱ्या गावित मायलेकींवर २०१९ मध्ये ‘पोशम पा’ आला. त्यांतल्या दोन्ही लेकींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केलेली होती आणि चित्रपट आला तेव्हा त्या तुरुंगात होत्या. दयेच्या अर्जाला झालेल्या अक्षम्य विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शीना बोरा खून प्रकरणावरची माहितीपट-मालिका थांबवावी म्हणून केंद्रीय अन्वेषण विभाग उच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्तींनी आधी स्वतः मालिका पाहिली, तिच्यात खटल्याला बाधा आणणारे काही नाही असे ठरवले आणि याचिका फेटाळली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली ‘मानवत मर्डर्स’ आली. तिचा आधार होता रमाकांत कुलकर्णींचे पुस्तक, आणि कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर होते. ‘आक्रीत’ने गाव मध्यभागी ठेवले होते, इथे मध्यभागी तपास आहे आणि प्रेक्षक शहरातून आलेल्या अधिकाऱ्याचा हात धरून गावात शिरतो. या मालिकांना परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार वयोगट आणि हिंसेची सूचना त्या दाखवणाऱ्या ऑनलाइन मंचाने स्वतः लावायची असते, आणि तक्रार असलेल्या प्रेक्षकाने पहिल्यांदा त्या मंचाच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे जायचे असते.